आर्नोच्या काठी, दुसऱ्यांदा

मी कर्जतचा, असं सांगितलं की मुंबई-पुण्याकडचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे घाट चढायला गाडीला मागून इंजिन लागतं, ते ना?" मग खुलासा करावा लागतो. ते कर्जत रायगड जिल्ह्यातलं. आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. तिथं इंजिन मागून लागत नाही आणि पुढूनही लागत नाही, कारण तिथं रेल्वेच नाही. आमच्याकडं आहे ती एसटी, ज्वारीची रानं, रेहेकुरीच्या माळावरची काळवीटं, भीमेकाठी सिद्धटेकचा गणपती आणि पाचवीला पुजलेला दुष्काळ.

अशा गावातून १९९४ साली शिष्यवृत्ती मिळवून मी जर्मनीला शिकायला निघालो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते एसटीत कंडक्टर. निघायच्या दिवशी स्टँडवर पाया पडलो आणि घाईत बोलून गेलो, "बरंय अण्णा, जातो." अण्णांनी काखेतली तिकिटांची पेटी सावरली आणि म्हणाले, "जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

त्यांची माझ्याकडं मागणी एकच होती. जिथं जाशील तिथलं बसचं किंवा ट्रामचं एक तिकीट पाठव. सेंट नको, चॉकलेट नको. मी पत्रात तिकिटं घालून पाठवत असे आणि अण्णा ती ड्युटीवर इतर कंडक्टरांना दाखवत. युरोपातल्या पुष्कळ शहरांत बसमध्ये कंडक्टरच नसतो, प्रवासी तिकीट आधी दुकानातून घेतो आणि बसमधल्या यंत्रात स्वतःच छापून घेतो, हे मी कळवलं तेव्हा त्यांचं उत्तर आलं: "आणि नाही छापलं तर?" या प्रश्नात त्यांची सारी नोकरी सामावलेली होती.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं मित्र पाठीवर सॅक टाकून इटलीला निघालो. माझी सॅक जुन्या बाजारातली, एका पट्ट्याला सुतळी बांधलेली. त्या काळात इटलीचा व्हिसा निराळा काढावा लागे आणि खिशात लिराच्या हजारांच्या नोटा असत. त्यामुळं आयुष्यात प्रथमच लखपती झाल्यासारखं वाटे आणि दोन वेळा जेवलं की पुन्हा गरीब झाल्यासारखं. म्युनिचहून रात्रीची गाडी पकडून सकाळी फ्लॉरेन्सला उतरलो.

त्या शहरानं मला पहिल्या तासातच खिशात टाकलं. अरुंद गल्लीतून चालता चालता एकदम समोर तो प्रचंड लाल घुमट उभा राहतो. ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत तो बांधला, आणि तोही खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता. आम्ही सगळं पाहिलं. उफिझीतली चित्रं पाहिली, मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहिला, १३४५ साली बांधलेला आणि सोनारांच्या दुकानांनी भरलेला पोन्ते वेक्कियो पाहिला. १५ ऑगस्टला इटलीतही सुट्टी असते, पण निराळ्या कारणाची. तो मेरीमातेचा सण. दुकानं बंद, रस्ते ओस. आम्ही टेकडीवरच्या चौकात बसून कलिंगड खाल्लं, 'जन गण मन' म्हटलं आणि खाली पसरलेल्या लाल कौलांकडं पाहत राहिलो. इतका निखळ आनंद मला त्याआधी झाला नव्हता. अण्णांसाठी बसचं एक कोरं तिकीट जपून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी वसतिगृहावर परतलो तर खोलीच्या दारावर चिठ्ठी चिकटवलेली होती: घरी फोन कर. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर फोन लावायचा, बूथवाल्यानं पोरगं पाठवून घरच्यांना बोलवायचं आणि आपण पंधरा मिनिटांनी पुन्हा लावायचा. त्या पंधरा मिनिटांत मी काय विचार केले ते आठवत नाही. धाकटा भाऊ आला. म्हणाला, "दादा, अण्णा गेले. सोमवारी. संध्याकाळी सहाला."

त्यांनी तीन वेळा फोन केला होता. वसतिगृहात कुणाला ठाऊक नव्हतं मी कुठं आहे. अग्नी भावानं दिला, सावडणं झालं, अस्थी सिद्धटेकला भीमेत सोडल्या. सगळं उरकलं होतं. विमानाच्या तिकिटाला माझ्या कित्येक महिन्यांच्या शिष्यवृत्तीइतके पैसे लागत. ते कुठून आणू, असं मी म्हणायच्या आत आईच फोनवर आली. "आता येऊन काय करशील? सुरू केलंयस ते पुरं कर आणि ये."

मी हिशोब केला. करू नये, पण केला. सोमवारी आपल्याकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे फ्लॉरेन्समध्ये दुपारचे अडीच. अडीच वाजता आम्ही त्या घुमटाच्या पायऱ्या चढत होतो. त्या ४६३ आहेत. मी मोठ्यानं मोजत होतो आणि हसत होतो.

सप्टेंबरात भावाचं पत्र आलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. सगळ्यांनी सगळं कबूल करून पाहिलं: आईला सांभाळू, बहिणीचं लग्न करू, विहिरीचं कर्ज फेडू. कावळा झाडावर बसून राहिला. शेवटी भाऊ म्हणाला, "दादा शिकून परत येईल," आणि कावळा खाली आला. खरंखोटं देव जाणे. भावाला तेव्हा एकोणिसावं वर्ष होतं आणि तसं वाटणं ही त्याची गरज असेल. पण मला मात्र ते पत्र पुढं दोन वर्षं पुरलं.

या दोन वर्षांत मी फ्लॉरेन्सचं नाव काढलं नाही. फोटोंचा रोल धुवून आणला, पाकीट उघडलं नाही. माझं सर्वांत आवडतं शहर आणि माझा सर्वांत मोठा अपराध एकाच पत्त्यावर राहत होते.

१९९७ च्या उन्हाळ्यात शिक्षण संपत आलं. प्राध्यापकांनी विचारलं, पीएच.डी.साठी थांबतोस का? पगार मिळेल, चार वर्षं. महिनाअखेर उत्तर दे. एकीकडं ही चार वर्षं आणि दुसरीकडं तो कावळा. नेमकं त्याच सुमारास आमच्या कर्जतच्या शाळेतल्या इतिहासाच्या गुरुजींचं पत्र आलं. शेवटी दोन ओळी होत्या. "तू फ्लॉरेन्सला जाऊन आलास असे अण्णांच्या दहाव्याला कळले. तेथील आपल्या महाराजांची छत्री पाहिलीस काय?"

छत्री? कोणते महाराज? मी त्या शहरातली प्रत्येक पायरी मोजली होती आणि आपल्या माणसाचा पत्ता मला नव्हता.

गुरुजींनी पुढच्या पत्रात सविस्तर लिहिलं, आणि नंतर मीही वाचलं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. जन्म १८५० चा, दत्तक होऊन १८६६ साली गादीवर आले. शिकण्याची विलक्षण आवड. १८७० साली, समुद्र ओलांडणं हे पाप मानलं जाण्याच्या काळात, हा वीस वर्षांचा राजा विलायतेला गेला. राणी व्हिक्टोरियाला भेटला, शाळा, कारखाने, सभागृहं पाहिली आणि पाहिलेलं रोजनिशीत टिपून ठेवलं. ती रोजनिशी कॅप्टन वेस्ट या त्यांच्याबरोबरच्या अधिकाऱ्यानं १८७२ साली लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली. परतताना फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलेलं, म्हणून फ्रान्स टाळून बेल्जियम, जर्मनी करत आल्प्स ओलांडून ते इटलीत उतरले. वाटेत आजार बळावला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथंच ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराजांनी देह ठेवला. विसावं वर्ष पुरं झालेलं, एकविसावं चालू.

बरोबरच्या लोकांपुढं प्रश्न पडला, अग्नी द्यायचा कुठं? त्या देशात मृताला पुरण्याची रीत. मिलानमध्ये पहिलं आधुनिक दहन झालं ते १८७६ साली, म्हणजे यानंतर पाच वर्षांहून अधिक काळानं. तरी फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. आपल्या लोकांनी नदीचा संगम शोधला. शहराबाहेर कास्चिने नावाचं मोठं उपवन आहे. त्याच्या शेवटच्या टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर चिता रचली गेली.

मी प्राध्यापकांना म्हणालो, उत्तर आठवड्यानं देतो. तीच सॅक काढली, सुतळी बदलली, आणि या वेळी एकटा निघालो.

दुसऱ्यांदा गेलं की शहर तुमच्याशी वेगळं वागतं असं म्हणतात. खरं तर आपणच वेगळे वागतो. यादी नसते. 'हे राहिलं, ते राहिलं' नसतं. मी उफिझीत गेलो नाही, घुमटावर तर नाहीच. युवा वसतिगृहात सॅक टाकली आणि नुसता हिंडलो. मग पहिल्या वेळी न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. घरांच्या भिंतींवर, डोक्याच्या कितीतरी वर, छोट्या पाट्या आहेत: ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोचं पाणी इथवर आलं होतं. पानशेतचा पूर पुण्याच्या पेठांनी जसा मनात जपला आहे, तसाच हा पूर या शहरानं जपला आहे. शोभेच्या शहरालाही दुःखं असतात, हे पंचवीस वर्षांच्या पोराला कुणीतरी सांगावं लागतं.

आणि तो पाव. तिथल्या पावात मीठ नसतं. का नसतं याच्या दंतकथा आहेत. कुणी म्हणतं की पिसाच्या लोकांनी मीठ अडवलं, कुणी म्हणतं की मिठावर कर फार. पहिल्या वेळी आम्ही तो पाव खाऊन नाकं मुरडली होती. या वेळी मंडईजवळच्या एका खाणावळीत बसलो असताना लक्षात आलं की आपल्या भाकरीतही मीठ कुठं असतं? मीठ कोरड्यासात असतं, ठेच्यात असतं. भाकरीनं अळणीच असायचं. तिथल्या बाईंनी एक दाट रस्सा आणून ठेवला. शिळा पाव, घेवड्याचे दाणे, कोबीचा काळपट पाला, सगळं आदल्या दिवशीचं, आज पुन्हा उकळलेलं. नाव रिबोल्लिता, अर्थही तोच: पुन्हा उकळलेली. आमच्या घरी शिळ्या भाकरीचे तुकडे आमटीत कुस्करून चुलीवर ठेवत, तसाच प्रकार. शिळ्याला दुसऱ्या दिवशी चव येते, हे कर्जतच्या माणसाला शिकवायला नको. तरी मी ते तिथं बसून नव्यानं शिकलो.

मंगळवारी सकाळी कास्चिनेला निघालो. मंगळवारी तिथं आठवडे बाजार असतो. नदीच्या कडेनं ओळीनं पालं, कपड्यांचे ढीग, भाजी, चीज, कोंबड्या भाजणाऱ्या गाड्या आणि ओरडून भाव सांगणारे लोक. आमच्या बाजारात आणि यात फरक भाषेचा. बाजार संपला आणि नुसती झाडं सुरू झाली. ते उपवन तीन-साडेतीन किलोमीटर लांब आहे. चालत राहिलो. माणसं कमी होत गेली. शेवटी झाडी मोकळी झाली आणि समोर ती दिसली.

छत्री. आपली, घुमटीची, खांबांवरची छत्री. तिच्याखाली रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, गळ्यात अलंकार, चेहरा कोवळा. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीची आखणी मेजर मांटची. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यानं आखला तोच हा मांट. १८७४ साली हे स्मारक उभं राहिलं. पलीकडं नदीवरून तारांनी तोललेला एक आधुनिक पूल जातो. तो १९७८ मध्ये सुरू झाला. त्याचं नाव 'पोन्ते आल्लिंदियानो', म्हणजे हिंदी माणसाजवळचा पूल. त्यावरून मालमोटारी धडधडत होत्या. त्या चालकांतल्या किती जणांना ठाऊक असेल की तो हिंदी माणूस म्हणजे पंचगंगेकाठचा एक पोरसवदा राजा आहे?

चौथऱ्यावरचा इंग्रजी मजकूर वाचला. नाव, गाव, तारीख, आणि मग एक साधी गोष्ट: इंग्लंडहून हिंदुस्थानात परत येताना मृत्यू आला. जाताना नाही, परत येताना. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. या मुलानंही कोल्हापुरातून निघताना 'येतो' म्हटलं असणार. आमच्याकडं राजा असो की कंडक्टरचा मुलगा, निघताना दुसरा शब्द नाही.

खाली संगमावर उतरलो. मुन्योने म्हणजे ओढाच म्हणायचा. आर्नो पिवळसर, संथ, उन्हाळ्यातली. अगदी आमच्या भीमेसारखी. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी इथं चिता रचली आणि परक्या नदीत राख सोडली, तेव्हा त्यांनाही ती क्षणभर पंचगंगा वाटली असेल. नाहीतर करणार काय? मी सॅकमधला अळणी पाव काढला, एक तुकडा दगडावर ठेवला आणि ओंजळीत पाणी घेतलं. मंत्र येत नव्हता. तीळ नव्हते. "अण्णा," एवढंच म्हटलं आणि पाणी सोडलं. मग बाजूला जाऊन वाट पाहत बसलो.

कावळा आलाच नाही. तिथले कावळे राखाडी अंगाचे असतात. दोन-चार झाडावर होते, पण त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. पाच-सात कबुतरं आली आणि त्यांनी तो तुकडा अर्ध्या मिनिटात फस्त केला. मला आधी हसू आलं आणि मग दोन वर्षांत आलं नव्हतं ते रडू आलं. माझ्या पूर्वजांनी मला काही खूण दिली नाही. देण्याची गरजही नव्हती. १९९५ च्या त्या सोमवारी मी हसत पायऱ्या चढत होतो, हा अपराध नव्हता. अण्णांना तिकडची तिकिटं हवी होती. मी पायऱ्या चढाव्यात हेच त्यांना हवं होतं.

उठताना त्या छत्रीकडं वळून म्हणालो, "येतो." त्या मुलाचा राहिलेला शब्द कुणीतरी पुरा करायला हवा होता.

महिनाअखेरीस प्राध्यापकांना नकार दिला. तो निर्णय शहाणपणाचा होता असं मी म्हणणार नाही. परत आल्यावर वर्षभर नोकरीसाठी पुण्यात वणवण केली. बरोबरचे दोघं तिकडंच राहिले आणि तेही सुखात आहेत. त्यांनी आपल्या आईवडिलांवर माझ्याहून कमी माया केली असं नाही. तो हिशोब मी सोडून दिला आहे. एक हिशोब करून पाहिला होता, तेवढा पुरे.

आता तिकडं पुष्कळ बदललं. लिरा जाऊन २००२ पासून युरोच्या नोटा आल्या. २०१० साली सुरू झालेली ट्राम कास्चिनेपर्यंत जाते. तिथून पुढं मात्र चालायला हवं. आता मराठी कुटुंबंही सहलीबरोबर फ्लॉरेन्सला सर्रास जातात. घुमट बघा, डेव्हिड बघा, जरूर बघा. पण अर्धा दिवस राखून ठेवा आणि नदीच्या कडेनं पश्चिमेला चालत सुटा. तिथं आपला एक मुलगा दीडशेहून अधिक वर्षं उभा आहे.

१९९७ च्या दिवाळीला मी घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी भावाबरोबर सिद्धटेकला गेलो, अहिल्याबाईंनी बांधलेल्या त्या देवळात दर्शन घेतलं आणि खाली भीमेच्या पाण्यात पाय सोडून बसलो. भाऊ काही बोलला नाही. मीही नाही. संध्याकाळी आईला फोटो दाखवायला बसलो. दोन वर्षं न उघडलेलं पाकीटही उघडलं. त्यातलं अण्णांसाठी ठेवलेलं कोरं तिकीट आईनं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि त्यांच्या फोटोच्या चौकटीत खोचलं.

छत्रीचा फोटो तिनं बराच वेळ धरून ठेवला. सगळी हकिगत ऐकली. मग म्हणाली, "त्यांचीबी वाट बघणारं कुणी असंलच की घरी. त्यांना कधी कळलं रं?"

मी सांगितलं, त्याच वर्षी जूनमध्ये विलायतेहून मुंबईपर्यंत समुद्राखालून तार टाकून झाली होती. म्हणजे बातमी लवकर पोचण्याची सोय तरी झाली होती.

"सोय असून काय," आई म्हणाली, "तुला तर फोन असून चार दिवस लागलं."

मी मान खाली घातली. तिनं फोटो पाकिटात नीट सारखे केले, पाकीट माझ्या हातात दिलं आणि उठता उठता म्हणाली, "बरं झालं, जाऊन आलास."